फ्रेटलेस बेसला कोणत्या तारा? जाणकारांची मदत हवी आहे

तळघर
फ्रेटलेस (पडदे नसलेल्या) बेस गिटारच्या तारा बदलायच्या आहेत. राउंडवाउंड (गोल तारेच्या वेढ्याच्या, खरखरीत) की फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीच्या वेढ्याच्या, गुळगुळीत), एवढंच सांगा. आत्ता ज्या आहेत त्यांना 'म्वाँ' (फ्रेटलेसचा तो उशिरा फुलणारा नाद) अजिबात येत नाही. सूर टप् करून मरतो, नटजवळ (खुंट्यांकडच्या टोकाची खाचांची पट्टी) तर फारच. राउंड तारा बोर्ड (बोटांखालची पट्टी) खातात म्हणतात, म्हणून अडलोय. शनिवारी रेकॉर्डिंग आहे, तेव्हा तात्त्विक चर्चा नको. आधीच आभार.

चारतारी
बोर्ड कसला? तारा चार की पाच? स्केल (तारेची वाजती लांबी) 34 इंची की 30? सध्या कोणता सेट आहे? यातलं काहीच न सांगता तारा विचारणं म्हणजे पायाचं माप न देता चपला मागवणं.

गुळगुळीत
फ्लॅट्स. विषय संपला. बोर्डवर ओरखडा नाही, बोटाचा सरसर आवाज नाही, मींड लोण्यासारखी. थॉमस्टिकचे जॅझ फ्लॅट्स घ्या, 43-56-70-100 (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). ताण कमी, मिड्स (मधल्या पट्टीतला आवाज) भरपूर. एकदा लावले की वर्षानुवर्षं बघायला नको.

खरखर
फ्लॅट्सवर म्वाँ शोधत बसा मग. फ्रेटलेसचा गाजलेला वादक जाको पास्टोरियस, त्याच्या 1962 च्या जॅझ बेसवर रोटोसाउंडच्या स्टीलच्या राउंडवाउंडच होत्या. तो आवाज हवा असेल तर 45-65-85-105 स्टील राउंड, दुसरा पर्याय नाही.

लाकूडतोड्या
@खरखर, अर्धीच गोष्ट सांगताय. त्या बोर्डवर बोटींना लावतात त्या इपॉक्सीचा थर होता. उघड्या रोझवूडवर स्टील राउंड लावून रोज वाजवलं तर काही महिन्यांत तारांखाली चऱ्या दिसायला लागतात.

तळघर
बोर्ड लाकडी आहे. चार तारा. आता सांगा.

चारतारी
लाकडी! बरं झालं सांगितलंत, आम्ही संगमरवरी धरून चाललो होतो.

मंद्र
म्वाँ कुठून येतो ते आधी बघा, मग तारेचं ठरेल. बोटाच्या पुढे, ब्रिजच्या (तारा बॉडीवर टेकतात त्या पट्टीच्या) बाजूला, कंप पावणारी तार बोर्डला अगदी हलकेच घासत राहते. त्या घासण्यातून वरचे हार्मोनिक्स (उपस्वर) थोडे उशिरा फुलतात, तोच म्वाँ. त्यासाठी तार बोर्डच्या जवळ हवी, बेसची मान जवळपास सरळ हवी आणि बोर्ड कडक हवा. तारेचा प्रकार याच्यानंतर. राउंडमध्ये वरचे हार्मोनिक्स जास्त म्हणून म्वाँ ठळक ऐकू येतो, पण अ‍ॅक्शन (तारेची बोर्डपासूनची उंची) जास्त असेल तर कुठलीही तार लावा, टप् ते टप्च.

बोर्ड झिजण्याबद्दल: मुख्य दोष आडव्या घासण्याचा. गिटारसारखी तार आडवी ओढून व्हायब्रेटो केला तर ती कानशीसारखी चालते. व्हायोलिनवाले करतात तसं बोट तारेच्या लांबीत मागेपुढे डोलवा. निकेलचा मुलामा असलेली तार स्टेनलेसपेक्षा मऊ, शुद्ध निकेल त्याहून मऊ.

गुळगुळीत
म्हणजे शेवटी फ्लॅट्सच.

मंद्र
असं मी कुठे म्हटलं?

तळघर
रोझवूड, 34 इंची. सध्या टेपवाउंड (वर काळ्या नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या) आहेत, 65-75-100-115. डबल बेससारखा आवाज येतो म्हणाले होते. येतो, पण रबरासारखा.

नटबोल्ट
आता गाडी रुळावर आली. दोन प्रश्न. (1) हा बेस मुळातच फ्रेटलेस आहे की फ्रेट उपटून केलाय? (2) ई तार (सगळ्यांत जाड) नटच्या खाचेत पूर्ण बसलीय की वर लोंबकळतेय?

झिलई
तारा जुन्या असतील तर मिथिलेटेड स्पिरिटमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, पुसून वाळवा, नव्यासारख्या वाजतात. पाण्यात उकळू नका, गंज धरतो.

चारतारी
@झिलई, तो उपाय मळलेल्या राउंडवाउंडचा, वेढ्यांमधला मळ निघतो म्हणून. इथे नायलॉनची टेप आहे. आणि विचारलं कुणी होतं?

तळघर
फ्रेट काढलेत. खाचा फिकट लाकडाच्या पट्ट्यांनी भरल्यात, त्यामुळे रेषा दिसतात. नटला कुणी हात लावलेला नाही. ई तार खाचेवरच टेकलीय, आत शिरत नाही. पण मी तारांबद्दल विचारलं होतं.

नटबोल्ट
तारांबद्दलच बोलतोय. नटच्या खाचा फ्रेटच्या उंचीच्या हिशेबाने कापलेल्या असतात. फ्रेट गेले म्हणजे साधारण 1 मिमी उंची गेली, नट आणि सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मात्र जुन्याच जागी. त्यात खाच 105 च्या तारेची आणि तुम्ही बसवलीत 115, म्हणजे ती आणखी वर. नटजवळ तार नीट दाबली जात नाही म्हणून सूर मरतो, आणि दाबली तर चढा लागतो. ताडून बघा: मोकळी ई मिळवा, पहिल्या रेषेवर बरोबर बोट ठेवा, ट्यूनरवर एफ चढा दिसला तर नट उंच.

आधी मोजमाप द्या. नटला लागून तारेखाली किती जागा? 12 व्या रेषेवर किती? रिलीफसाठी (मानेचा बाक) तार पहिल्या रेषेवर आणि मान बॉडीला मिळते तिथे एकदम दाबा, मधे सातव्या-आठव्या रेषेजवळची फट बघा. व्हिजिटिंग कार्ड साधारण 0.3 मिमी जाड असतं, फीलर गेज (फट मोजायची पाती) नसेल तर तेच वापरा.

खरखर
नट घासून म्वाँ येत नसतो हो. मोकळ्या तारेवर आणि पहिल्या दोन-तीन सुरांवर नटचा परिणाम. पुढे सगळी ब्रिजची उंची नि रिलीफ.

नटबोल्ट
बरोबर, म्हणूनच 12 व्या रेषेचं माप मागितलं.

वायाच
इपॉक्सी लावा आणि मोकळे व्हा. तीन-चार थर, मग 400 पासून 2000 पर्यंत पॉलिश पेपर. नंतर स्टील राउंड बिनधास्त.

लाकूडतोड्या
@वायाच, शनिवारी रेकॉर्डिंग आहे माणसाचं! इपॉक्सी हाताला वाळली म्हणजे पिकली असं नसतं, पुरती कडक व्हायला दिवस लागतात. अर्धवट थरावर तार चढवली की ठसे उठतात. शिवाय आधी बोर्ड सपाट करून घ्यावा लागतो, नाहीतर उंचवटे कायमचे बंदिस्त. घासताना मास्क लागतो तो वेगळाच.

सुरेल
अवांतर: सरोदला पोलादी पट्टी असते ती याचसाठी ना? पहिला फ्रेटलेस बेस जाकोनेच केला का?

मंद्र
अवांतराला अवांतर: नाही. अँपेगचा एयूबी-1 1966 चा, फेंडरचा फ्रेटलेस प्रिसिजन 1970 चा. सरोदची पट्टी कडक असल्याने नाद टिकतो, इतपत साम्य खरं.

तळघर
मोजलं. नटजवळ ईखाली 1.5 मिमी, जीखाली (सगळ्यांत बारीक) 1.2. बाराव्या रेषेवर ई 4, जी 3.5. मधे कार्ड जेमतेम शिरतं. एफ चांगलाच चढा. ठीक आहे, नट उंच. मग तारा कोणत्या?

नटबोल्ट
मानेचा बाक फार नाही, ट्रस रॉडला (मानेतला बाक कमीजास्त करायचा दांडा) सध्या हात लावू नका. नट काढा. कडेच्या पॉलिशवर आधी ब्लेडने हलकी रेघ मारा, मग लाकडी ठोकळा लावून बाजूने हलकेच टकटक. बूड सपाट असेल तर काचेवर 220 चा पेपर ठेवून बूड घासा, एका वेळी 0.2 मिमीच, मग परत बसवून मोजा. बूड वक्र असेल तर हे जमणार नाही, खाचाच कानशीने खोल कराव्या लागतील. तारेखाली एक कार्ड सरकलं की थांबा. जास्त गेलं तर मोकळी तार करकरते, मग नटखाली कागदाची पट्टी लावत बसावं लागतं.

नंतर सॅडल उतरवा. 12 व्या रेषेवर ई 2 मिमी, जी 1.5 च्या आसपास. सॅडल तळाला टेकले तरी तार उंच राहिली तर मान बॉडीत बसते त्या खोबणीत, ब्रिजकडच्या टोकाला, 0.5 मिमीची पट्टी. नटकडच्या टोकाला नाही, तिथे घातली तर उलट परिणाम.

चारतारी
आणि हे सगळं नवा सेट चढवून मोजा. 115 ची टेपवाउंड जाड दिसली तरी नायलॉन हलकं, त्यामुळे ताण बेताचाच. 45-105 चा स्टीलचा सेट चढवला की मान थोडी पुढे वाकेल. तेव्हा ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, तासभर थांबा, परत बघा. रिलीफ 0.1 ते 0.2 मिमी.

तार स्वतः: हाफवाउंड, 45-105. राउंड गुंडाळून वरचा पृष्ठभाग घासून चपटा केलेला असतो, म्हणून म्वाँला पुरेशी चमक मिळते आणि रोझवूडही फार खात नाही. तुमच्या नटच्या जुन्या खाचांत बसतील ते निराळंच.

गुळगुळीत
हाफवाउंड म्हणजे ना धड इकडे ना तिकडे. निदान डॅडारिओचे क्रोम्स घ्या, फ्लॅट्समध्ये उजळ आहेत. आणि फ्लॅट लावताना आधी खुंटीपाशी काटकोनात वाकवा, मग कापा. आधी कापलात तर वेढा आतून सुटतो आणि तार मुकी होते. बॉडीतून ओवू नका, ब्रिजवरूनच घ्या.

खरखर
क्रोम्सचा ताण बघितलाय का? जॅझ फ्लॅट्सवरून थेट क्रोम्सवर, मत किती पटकन बदललं.

तळघर
नट निघाला. बूड सपाट आहे. हाफवाउंड मागवल्या, शुक्रवारी येतील. घासायला सुरुवात तोवर टेपवाउंडवरच करू का?

नटबोल्ट
नको. 65 ची जी 45 च्या खाचेत उतरतच नाही, माप खोटं येईल. तारा येईपर्यंत नट डबीत ठेवा.

झिलई
डबीत स्पिरिट नको.