मदत हवी आहे: बसमध्ये बाळाचा डायपर बदलायचा तर कुठे? (नाशिक–पुणे, बाबा एकटाच)

नमस्कार मंडळी,

मी नाशिकरोडला राहतो. बायकोचं सध्या पुण्यात ट्रेनिंग चालू आहे, त्यामुळे शनिवारी आमच्या आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन मी तिच्याकडे जातो. आमच्याकडे चारचाकी नाही आणि नाशिकहून पुण्याला थेट रेल्वेमार्गही नाही, म्हणून एसी बस. साधारण २१० किलोमीटर. रस्ता मोकळा मिळाला तर पाच तास, चाकणला अडकलो तर देवच जाणे.

दूध, खिमट, झोप हे सगळं बसमध्ये जमतं. शूचा डायपरही थांब्यापर्यंत निभतो. शी झाली की मात्र पंचाईत होते. एसी बसच्या काचा उघडत नाहीत, पुढचा थांबा लांब असतो आणि लेक रडून बस डोक्यावर घेते.

मागच्या खेपेला संगमनेर सोडलं आणि वास आला. मी सीटवर रबरी कापड अंथरून तिथेच डायपर बदलला. शेजारच्या काकूंनी स्वतःहून शालीचा आडोसा धरला. "कर बाबा पटकन, लेकराला किती वेळ तसंच ठेवशील," म्हणाल्या. मागच्या सीटवरचे गृहस्थ म्हणाले, "ही सगळ्यांची बसायची जागा आहे, आम्ही डबा उघडून बसलोय." मला दोघांचंही पटलं, म्हणूनच इथे विचारतोय.

थांब्यावरच्या हॉटेलात बायकांच्या स्वच्छतागृहात निदान एखादा कट्टा असतो म्हणे. पुरुषांच्या बाजूला ओली फरशी आणि बेसिन, बास. बसस्थानकावर हिरकणी कक्ष असतो, पण तिथे आया बाळांना अंगावर पाजत असतात. मी तिथे शिरणं योग्य नाही, हे मलाही मान्य आहे. मग बापाने जायचं कुठे? शिवाय ती मुलगी आहे. चार लोकांसमोर तिला उघडं करायला माझं मन घेत नाही, त्यात हल्ली प्रत्येकाच्या हातात मोबाइल.

चालत्या बसमध्ये बदलावा की नाही? बदललाच तर आजूबाजूच्यांना आधी काय सांगावं? आणि वापरलेला डायपर टाकायचा कुठे? अनुभवी लोकांनी कृपया लिहा.

निवृत्त वाहक, सिन्नर

दादा, मी एसटीत वाहक होते, म्हणून दोन गोष्टी सांगते.

बसमध्ये चढतानाच चालकाला सांगून ठेवा, "बाळ बरोबर आहे, गरज पडली तर पाच मिनिटं थांबवाल का?" आयत्या वेळी मागून ओरडून सांगितलं की चालकही वैतागतो. आधी सांगितलं असेल तर पेट्रोल पंप बघून तो गाडी बाजूला घेतो. पंपावर स्वच्छतागृह आणि पाणी असतं. चालत्या गाडीत बाळाला सीटवर आडवं करू नका. ब्रेक लागला की बाळ खाली, आणि तुमचे दोन्ही हात डायपरमध्ये अडकलेले.

हिरकणी कक्षाबद्दल: दारावर उभं राहू नका, थेट वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीवर जा. कक्ष रिकामा असेल तर पाच मिनिटांसाठी वापरू देतील का, हे तिथल्या माणसावर आहे, पण रडतं लेकरू हातात असलेल्या बापाला कोणी सहसा हाकलत नाही. आत कोणी असेल तर तिथल्या एखाद्या ताईला विनंती करा. हो म्हणाली तर बरं, नाही म्हणाली तर रागावू नका. ती जागा मुळात त्यांच्यासाठीच आहे.

दोन लेकरांची आई, इंदिरानगर

शी आणि शू यांना एकच नियम लावू नका. शूचा डायपर थांब्यापर्यंत थांबू शकतो. शीचा थांबवू नये. शी आणि लघवी एकत्र आली की शीमधली पाचकद्रव्यं कातडीला जास्त झोंबतात, तासाभरातही लाल चट्टे उठतात. काकू म्हणाल्या ते बाळाच्या बाजूने बरोबरच होतं.

आता हात कसा चालवायचा ते सांगते, कारण निम्मा वास आणि निम्मी लाज वेळ लागल्यामुळेच होते. निघण्याआधी एका छोट्या पिशवीत एका वेळचं सगळं भरून ठेवा: एक डायपर, चार-पाच वाईप्स, कागद, घट्ट बंद होणारी पिशवी. मोठी बॅग उघडून शोधत बसायचं नाही. प्रवासात पँटवाला डायपर असेल तर तो पायांतून खाली ओढू नका, सगळं मांड्यांना लागतं. दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडा, म्हणजे तो टेपच्या डायपरसारखा उघडतो. नवा डायपर टेपचा असेल तर तो आधीच जुन्याच्या खाली सरकवून ठेवा. मुलगी आहे, तर पुसताना पुढून मागेच पुसा, उलट कधीच नाही. कमरेवर दुपटं राहू द्या आणि त्याच्या आत हात घालून काम करा. सवयीने जमतं, आणि तुमची उघडं करण्याची काळजीही मिटते.

थांब्यावर हॉटेलात जेवणाच्या टेबलावर मात्र अजिबात नको. खुर्च्या जोडूनही नको. बस उभी असते, लोक चहाला उतरलेले असतात, तेव्हा रिकाम्या बसमध्ये आपल्या सीटवर बदलणं सगळ्यांत सोयीचं. कोणाचा डबा नाही, कोणाची नजर नाही. उतरायची घाई करू नका, बाकीच्यांना उतरू द्या.

गंगापूर रोड

मी त्या मागच्या सीटवरच्या गृहस्थांच्या बाजूने लिहिते. मला गाडी लागते. गरोदर असताना याच रस्त्यावर, बंद बसमध्ये, पुढच्या सीटवर शीचा डायपर उघडला गेला आणि माझे पुढचे दोन तास वाईट गेले. बाळाचा राग नाही. पण आम्हाला कोणी विचारलंच नाही. "ताई, दोन मिनिटं वास येईल, चालेल ना?" एवढं म्हटलं असतं तर मी नाकाला रुमाल लावून पुढे जाऊन बसले असते. डबा उघडलेला दिसला तर त्यांचे दोन घास होऊ द्या. आणि वापरलेला डायपर सीटखाली किंवा समोरच्या जाळीत कोंबू नका, ही कळकळीची विनंती.

मूळ धागाकर्ता

गंगापूर रोडच्या ताई, हे वाचून बरं झालं. विचारायचं हे डोक्यात होतं, पण कोणत्या शब्दांत ते कळत नव्हतं. तुमचंच वाक्य वापरेन.

पुढच्या महिन्यात पंचवटी एक्सप्रेसने दादरलाही जायचं आहे. रेल्वेत काय करतात?

पासधारक, नाशिकरोड

पंचवटीत बसायच्या खुर्च्या आहेत, बर्थ नाही, म्हणजे अडचण बसइतकीच. पण गाडीत चालता येतं आणि टॉयलेट आहे, हा फरक. दोन डब्यांच्या मधल्या जागेत किंवा दाराशी बाळाला घेऊन बसू नका, कितीही मोकळं दिसलं तरी. टॉयलेटच्या बाहेरच्या बेसिनवर बाळाला धुऊ नका, लोक तिथे चूळ भरतात. परतीला कसाऱ्याला घाट चढायला मागून इंजिन लावतात, तेवढा वेळ गाडी उभी असते. डायपर बदलायचा तर तेव्हा.

सगळ्यांत महत्त्वाचं: डायपर टॉयलेटात टाकू नका. आता डब्यांखाली बायो-टॉयलेटच्या टाक्या आहेत, त्यात जिवाणू मैला कुजवतात. डायपर त्यात कुजत नाही. आतली पावडर पाणी पिऊन फुगते आणि टॉयलेट तुंबतं. पुढे सगळ्या डब्याचे हाल.

कचरा वर्गीकरणवाली, सिडको

टाकण्याबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. २०१६च्या घनकचरा नियमांतच लिहिलं होतं की डायपर आणि पॅड नीट गुंडाळून द्यायचे, उघडे टाकायचे नाहीत. कारण सरळ आहे: पुढे कोणीतरी बाई ते हाताने वेगळं करते. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी त्यासाठी लाल ठिपक्याची मोहीम चालवली. कागदात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे न उघडता कळतं आत काय आहे. शी आधी कागदाने काढून संडासात टाका. मग डायपर घट्ट गुंडाळी करून त्याच्याच टेपने चिकटवा, वर्तमानपत्रात बांधा, ठिपका काढा. स्थानकावरच्या उघड्या टोपलीपेक्षा बंद पिशवीत घरी आणून घंटागाडीला वेगळा दिलेला बरा.

आणि रामकुंडावर किंवा घाटावर थांबलात तर लंगोट गोदावरीत खळबळू नका. लोक तेच पाणी तीर्थ म्हणून ओंजळीत घेतात.

बालरोग विभागातली नर्स

थोडक्यात लिहिते. हात साबणानेच धुवा, निदान २० सेकंद. घाण लागलेल्या हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही, आणि जुलाबाच्या काही विषाणूंवर तर त्याचा फारसा उपयोगच होत नाही. रोटाव्हायरसचे डोस दिल्यावर काही दिवस बाळाच्या शीतून लसीतला विषाणू बाहेर पडतो, तेव्हा जास्तच जपा. कागदी साबणाची डबी खिशात ठेवा आणि पाण्याची एक बाटली फक्त हातांसाठी.

निवृत्त वाहक, सिन्नर

अजून एक. २०२७ला सिंहस्थ आहे, लेकरं घेऊन किती माणसं येतील! रामकुंडावर कपडे बदलायला वस्त्रांतरगृह बांधलं होतं, तसा बाळांसाठी कट्टा स्थानकांवर हवा, आणि तो पुरुषांच्या बाजूलाही हवा. दादा, तुम्ही अर्ज लिहा, मी सही करते. आगारात तो कोणाकडे द्यायचा ते मला माहीत आहे.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. अर्ज या रविवारी लिहून इथेच टाकतो, ज्यांना सही करायची आहे त्यांनी सांगा. प्रवासाचं असं ठरवलंय: चालकाला आधी सांगायचं, शू असेल तर थांब्यावर रिकाम्या बसमध्ये, शी असेल तर गाडी बाजूला घ्यायला लावायची. तेही नाहीच जमलं तर शेजाऱ्यांना विचारून, गाडी कुठे हळू झाली की मांडीवर, दुपट्याच्या आत.

एक राहिलं. आळेफाटा ते मंचर या पट्ट्यात पुरुषांच्या स्वच्छतागृहात कोरडा कट्टा किंवा कुटुंबासाठी वेगळी खोली असलेलं हॉटेल कोणी पाहिलंय का? असेल तर कुठल्या बाजूला, पुण्याकडे जाताना की येताना, तेही लिहा. येत्या शनिवारी सकाळी निघतोय.