परदेशातल्या सिमवर इथून एसएमएस जात नाही, तिकडून मात्र येतो. नेमकं कुठे अडतं?

मीनल_खारघर
नमस्कार मंडळी. माझे मिस्टर मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनियर आहेत, आम्ही खारघरला आणि सासूबाई ठाण्यात नौपाड्याला. जहाज बंदराला लागलं की हे तिथलं लोकल सिम घेतात, सीमेन्स क्लबात मिळतं, आणि आधी एसएमएस टाकतात की पोहोचलो. व्हॉट्सॅप आहेच हो, पण जहाजावरचं वायफाय सगळ्यांत वाटून मिळतं, कधी चालतं कधी नाही, आणि सासूबाईंकडे बटणांचा साधा फोन आहे, त्यांचं सगळं एसएमएसवरच. आता रॉटरडॅमहून ह्यांचा मेसेज मला आला, मी लगेच त्याच नंबरवर उत्तर टाकलं तर 'नॉट सेंट'. पॅकमध्ये रोजचे १०० एसएमएस आहेत ते तसेच पडून. आणि त्याच वेळी ह्यांनी सासूबाईंना पाठवलेला मेसेज त्यांना आलाच नाही, बिचाऱ्या रात्रभर फोन उशाशी घेऊन जाग्या होत्या. मागे सिंगापूरहून ह्यांनी मराठीत मोठा मेसेज पाठवला होता तो तुकड्या-तुकड्यांत आला, तोही उलटसुलट. कस्टमर केअरला विचारलं तर "मॅडम फोन बंद करून चालू करा". कोणाला यातलं खरंच माहीत असेल तर सांगा प्लीज.

सानपाडा_सेक्टर५
मेन बॅलन्स किती आहे ताई? पॅकमधले १०० एसएमएस फक्त लोकल आणि एसटीडीचे असतात, परदेशी नंबरला मेन बॅलन्समधूनच कटतात, बहुतेक ५ रुपयाला एक. बॅलन्स शून्य असेल तर 'नॉट सेंट'च येणार.

मीनल_खारघर
अय्या, बॅलन्स खरंच शून्य आहे. नुसतं पॅक मारते मी दर वेळी. पण मग सासूबाईंचं काय? त्यांना तर फक्त घ्यायचा होता मेसेज.

ऐरोलीकर_सिग्नलिंग
मी बरीच वर्षं एसएमएस सेंटरच्या कामात होतो, म्हणून सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आपण पाठवलेला मेसेज थेट समोरच्याकडे जात नाही. आधी तो आपल्याच कंपनीच्या एसएमएस सेंटरला जातो, त्या सेंटरचा नंबर सिममध्येच भरलेला असतो, त्यामुळे तुम्ही खारघरला असा नाहीतर रोमिंगवर ब्राझीलमध्ये असा, तुमचा मेसेज आधी घरच्या सेंटरलाच येणार. मग हे सेंटर समोरच्या नंबरच्या मूळ नेटवर्कला विचारतं की हा माणूस आत्ता कुठे आहे. प्रत्येक कंपनीकडे एक रजिस्टर असतं, आम्ही एचएलआर म्हणतो, त्यात तो आत्ता कोणत्या देशातल्या कोणत्या एक्स्चेंजखाली आहे याची नोंद असते. ते उत्तर आलं की सेंटर मेसेज त्या एक्स्चेंजकडे देतं आणि तिथून टॉवरवरून फोनवर. हा सगळा कारभार सिग्नलिंगच्या वाटेने चालतो, इंटरनेट लागत नाही, म्हणून मोबाइल डेटा बंद असला तरी एसएमएस येतो.

आता यात अडायच्या जागा पाहा. दोन देशांतल्या दोन कंपन्यांचा आपसात एसएमएसचा करार नसेल, किंवा मधल्या हबमधून रस्ता नसेल, तर विचारणाच पुढे जात नाही. आणि जाणं-येणं हे दोन वेगळे रस्ते आहेत. त्यांचा मेसेज तुम्हाला येतो म्हणजे तुमचा त्यांना जाईलच असं अजिबात नाही, कारण पाठवताना तुमच्या कंपनीचं सेंटर काम करतं आणि येताना त्यांच्या कंपनीचं. नंबर नेहमी +३१ असा प्लस आणि देशाच्या कोडने सुरू करा, आणि तिकडच्या लोकल नंबरच्या आधी शून्य असेल तर ते काढून टाका.

सासूबाईंचा नंबर पोर्ट केलेला आहे का हो? आधी ते सांगा.

मीनल_खारघर
हो! मिस्टरांनीच दोन-तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून दिला, नौपाड्यात घरात रेंज येत नव्हती म्हणून. माझा पहिल्यापासून एकाच कंपनीचा आहे.

ऐरोलीकर_सिग्नलिंग
मग माझा पहिला संशय तिथेच. आपल्याकडे जानेवारी २०११ पासून देशभर पोर्टिंग सुरू झालं. नंबर पोर्ट झाला की आपल्या देशातल्या कंपन्यांना ते कळतं. पण परदेशातल्या नेटवर्ककडे भारतातल्या पोर्टिंगची यादी असेलच असं नाही, ते नंबरचे सुरुवातीचे आकडे बघून ज्या कंपनीला ती सिरीज मूळ दिली होती तिलाच विचारतं. त्या जुन्या कंपनीने "तो आता आमच्याकडे नाही, अमक्याकडे आहे" म्हणून विचारणा पुढे ढकलायची असते. साखळीत कुठे कच्चा दुवा राहिला की उत्तर येतं 'असा ग्राहकच नाही', आणि मेसेज तिथेच मरतो. त्यामुळे बँकेचा ओटीपी, ठाण्यातल्या मैत्रिणीचा मेसेज सगळं व्यवस्थित येतं आणि फक्त बाहेरच्या देशातला येत नाही. माणूस फोनला दोष देत बसतो.

सध्याच्या कंपनीकडे लेखी तक्रार करा, ॲपमधून किंवा ईमेलने, आणि शब्द असे वापरा: पोर्ट केलेल्या नंबरवर आंतरराष्ट्रीय इनकमिंग एसएमएस येत नाही, पाठवणारा देश, पाठवणारा नंबर, तारीख, वेळ. एवढं दिलं तर तक्रार नेटवर्कच्या माणसापर्यंत जाते, नुसतं "मेसेज येत नाही" लिहिलं की फोन बंद-चालूच सांगणार. तक्रारीचा नंबर जपून ठेवा.

मराठी मेसेजचं पण सांगतो. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरांचे १६० होतात, पण देवनागरीला एका चिन्हाला दोन बाइट, म्हणून फक्त ७०. आणि काना-मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'क्षि' आपल्याला एक अक्षर दिसतं, फोनला ती चार चिन्हं: क, हलन्त, ष, वेलांटी. मेसेज ७० च्या वर गेला की तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात, कारण थोडी जागा 'तीनपैकी दुसरा' अशी खूण लिहायला जाते. ती खूण मधल्या एखाद्या नेटवर्कने गाळली की समोरचा फोन जोडू शकत नाही, मग तुम्हाला आले तसे सुटे आणि उलटसुलट येतात. पैसेही प्रत्येक तुकड्याचे वेगळे. म्हणजे दीडशे चिन्हांचा मराठी मेसेज परदेशी नंबरला पाठवला तर ५ च्या हिशोबाने १५ रुपये. इंग्रजी मेसेजमध्ये एक इमोजी टाकली तरी अख्खा मेसेज ७० च्या हिशोबात जातो.

नेरुळ_डेक_कॅडेट
वहिनी, मी पण जहाजावरच असतो, सध्या घरी नेरुळला. माझं स्पष्ट मत सांगू का, बंदरातल्या सिमवर मेसेज पाठवायच्या भानगडीत पडूच नका. साहेबांचं भारतातलं सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये चालू ठेवायला सांगा, निघायच्या आधी इंटरनॅशनल रोमिंग ॲक्टिव्हेट करून, आणि तुम्ही मेसेज त्या +९१ नंबरलाच करा. तुमच्या बाजूने तो साधा देशातला एसएमएस होतो, रोजच्या १०० मध्ये बसतो, तो माणूस रॉटरडॅमला आहे की बेलापूरला याच्याशी तुमच्या बिलाचा संबंध नाही. आणि रोमिंगवर इनकमिंग एसएमएस आपल्या कंपन्यांत फुकट असतो. फक्त त्यांनी डेटा रोमिंग बंद ठेवायचं आणि त्या सिमवर कॉल उचलायचा नाही, इनकमिंग कॉलला पैसे लागतात, चांगलेच लागतात. उत्तर त्यांनी लोकल सिमवरून द्यावं. आम्ही सगळे असंच करतो.

भर समुद्रात मात्र काही नाही. जुन्या जीएसएम टॉवरची हद्द नियमाने ३५ किलोमीटरपर्यंत, त्यापुढे फोन म्हणजे घड्याळ. हल्ली बरीच जहाजं सुएझ टाळून आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जातात, मग आठवड्यांमागून आठवडे फोनवर एक काडी नसते. आणि सिंगापूर स्ट्रेटमध्ये शिरलात की उलटं, एका बाजूला सिंगापूर, एका बाजूला इंडोनेशियाचं बाटाम, मागे मलेशिया, फोन तिन्ही देशांच्या टॉवरवर उड्या मारत राहतो, प्रत्येक उडीला कंपनीचा वेलकम मेसेज, आणि त्यांच्या मधोमध आईचा एक मेसेज "जेवलास का". तो वाचायला सगळे डेकवर येतात हो, ड्युटी संपलेले झोपायचं सोडून रेलिंगला उभे असतात फोन वर धरून.

मीनल_खारघर
डोळ्यांत पाणी आलं वाचून. पण ते आठवड्यांमागून आठवडे रेंजमध्ये नसताना मी पाठवलेले मेसेज मग कुठे जातात? कधी येतात त्यांना, कधी नाही.

ऐरोलीकर_सिग्नलिंग
नेरुळच्या दादांचा सल्ला शंभर टक्के बरोबर, तोच करा.

मेसेज सेंटरमध्ये थांबतो. फोन सापडला नाही की सेंटर थोड्या थोड्या वेळाने परत प्रयत्न करतं, आणि तिकडच्या रजिस्टरमध्ये निरोप ठेवतं की हा उगवला की मला कळवा. फोन कुठल्याही देशाच्या टॉवरला लागला की ती सूचना येते आणि साठलेले मेसेज भसाभसा सुटतात. पण प्रत्येक मेसेजला मुदत असते, सहसा दोन-तीन दिवसांची, ती संपली की सेंटर तो पुसून टाकतं आणि त्यांना कळतही नाही की काही होतं. म्हणून महत्त्वाचं काही असेल तर जहाज बंदराला लागायच्या बेताला पाठवा. सेटिंगमध्ये डिलिव्हरी रिपोर्ट चालू करा, 'सेंट' म्हणजे सेंटरपर्यंत गेला एवढंच, 'डिलिव्हर्ड' म्हणजे त्यांच्या फोनवर. एकच मेसेज दोनदा आला तर घाबरू नका, फोनने पोच दिली पण ती परत सेंटरला पोहोचली नाही की सेंटर पुन्हा पाठवतं.

घोडबंदर_रोड_रहिवासी
विषय निघालाच आहे तर, मी परदेशात कोणाला मेसेज करत नाही तरी नवीन आयफोनमध्ये सिम टाकलं आणि ५ रुपये कटले, ते का?

ऐरोलीकर_सिग्नलिंग
आयमेसेज आणि फेसटाइम चालू करताना आयफोन स्वतःच गुपचूप एक एसएमएस पाठवतो, आपल्याकडून तो इंग्लंडच्या +४४ नंबरला जातो. आंतरराष्ट्रीय म्हणून पैसे. सिम बदललं की परत जातो.

नेरुळ_डेक_कॅडेट
वहिनी एक राहिलं. साहेबांच्या भारतातल्या सिमचा रिचार्ज मधेच संपू देऊ नका, व्हॅलिडिटी गेली की इनकमिंग पण थांबतं आणि बँकेचे ओटीपी पण. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना नुसत्या कॉल-एसएमएसचं, डेटा नसलेलं व्हाउचर ठेवायला लावलंय, ३६५ दिवसांपर्यंत मुदत देता येते, सहा-नऊ महिन्यांच्या काँट्रॅक्टला असलं वर्षभराचं बरं पडतं.

मीनल_खारघर
आजच केला वर्षाचा रिचार्ज, त्यांच्या सिमचा. रोमिंग त्यांनी जाताना चालू केलेलंच होतं म्हणे, फक्त ते सिम पाकिटात होतं. आत्ता टाकलंय दुसऱ्या स्लॉटमध्ये, माझा मेसेज डिलिव्हर्ड आला! सासूबाईंच्या नंबरची तक्रार ॲपवर टाकली, देश-तारीख-वेळ सगळं घालून. तोवर ह्यांचा मेसेज मला आला की मी तोच नौपाड्याला पुढे पाठवते.