जिल्हाध्यक्षपदाचे चार इच्छुक, माझ्याकडे चिठ्ठी एक. काय विचारू?

पाटीवाली

पक्षाचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की अर्धे लोक पक्षावरून भांडत बसतील आणि माझं काम राहून जाईल.

आमच्या पक्षाचा नवा जिल्हाध्यक्ष निवडायचा आहे. इच्छुक चार. येत्या रविवारी कुडाळला एका मंगल कार्यालयात चौघेही बोलणार, मग सदस्यांनी चिठ्ठीवर प्रश्न लिहून द्यायचे. माणशी एक चिठ्ठी, चिठ्ठीवर एकच प्रश्न. चिठ्ठ्या आधी चाळून घेणार असंही कानावर आलंय.

मी मालवणच्या बंदरावर लिलावात मासळी घेते आणि बाजारात पाटी लावते. बावीस वर्षं झाली. पक्षात सोळा. म्हणजे सदस्यत्वाची पावती सोळा वर्षांपूर्वीची आहे. वाडीतला कार्यकर्ता पावतीपुस्तक घेऊन आला, सासूबाईंचे दहा नि माझे दहा असे वीस रुपये घेऊन गेला. तेव्हापासून सभेला न्यायला गाडी आली की आम्ही सदस्य, गाडीने परत आणून सोडलं की कोणीच नाही.

गेल्या आठवड्यात त्याच कार्यकर्त्याकडे गेले. म्हटलं, या खेपेला मत कोण देणार, माझं आहे की नाही? त्याने मोबाइलवर यादीचा फोटो दाखवला. तिरका काढलेला, कडेची अक्षरं कापलेली. त्यात सासूबाई आहेत. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. मी नाही. पूर्ण यादी दाखव म्हटलं, तर म्हणतो, "काय गो, तुका यादी कित्याक व्हयी? रविवारी ये, जेवण आसा."

डोक्यात तीन प्रश्न आहेत. एक एलईडीच्या बोटींचा, म्हणजे रात्री झगझगीत दिवे लावून मासळी ओढून घेतात त्यांचा, कारण पोट मासळीवर आहे. दुसरा हायवेचा. २०११ पासून चौपदरी होतोय, माझा मुलगा तेव्हा बालवाडीत होता, आता तो बाइक चालवतो आणि मी देवाला हात जोडून बसते. तिसरा हा यादीचा. पण तो विचारला तर माझंच रडगाणं वाटेल काय? नवरा म्हणतो, गप जेवून ये.

चौथी सीट

ताई, नवरा बरोबर बोलतोय. कोंबडी-वडे असतील तर माझाही डबा भरून आणा.

रापणकार

एलईडीचंच विचार गो बाय. पण "तुमचा विरोध आहे का" असं विचारू नको. चौघेही हात वर करून हो म्हणतील. केंद्राने २०१७ च्या नोव्हेंबरात बंदी घातली, राज्याने १९८१ चा कायदा २०२१ मध्ये सुधारला आणि दंड लाखांत नेला. कागदावर एलईडीच्या बाजूने कोणी उरलेलाच नाही.

आणि तरी रात्री दोन वाजता आचऱ्याच्या किनाऱ्यावर उभी राहून बघ. समोर समुद्रात एक नवीन गाव वसलंय असं वाटतं, एवढा उजेड. सकाळी आम्ही रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतो. दोरीला चाळीस माणसं, त्यात दोन सत्तरीचे. परवा आत काय होतं? दोन टोपल्या पेडवे आणि एक प्लास्टिकची खुर्ची. खुर्ची चांगली होती, ती एकाने घरी नेली. पेडव्यांचे चाळीस वाटे कसे करायचे ते तू सांग.

म्हणून विचार असं: तुमच्या किंवा घरच्या कोणाच्या नावावर बोट आहे काय, कुठल्या जाळ्याची? आणि पकडलेली बोट सोडवायला तुम्ही कधी फोन केला होता काय? त्या वेळी तोंडाकडे बघ. उत्तर तिथेच मिळेल.

दिवाणी बाब

रापणकारांचा प्रश्न झणझणीत आहे, पण दार चुकलंय. गस्तीची नौका जिल्हाध्यक्ष पाठवत नाही. तो मत्स्यव्यवसाय मंत्र्याला किंवा आमदाराला विचारायचा प्रश्न आहे.

पक्षाच्या जिल्हाध्यक्षाच्या हातात मुख्यतः एक गोष्ट असते: तिकिटासाठी वर कोणाचं नाव जाणार. बाकी हारतुरे. तुम्ही सगळे "एबी फॉर्म" हा शब्द ऐकता. ए फॉर्मवर पक्षातर्फे सह्या करायचा अधिकार कोणाला ते असतं, बी फॉर्मवर उमेदवाराचं नाव. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हे दोन कागद निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचले तर चिन्ह मिळतं, नाही तर पंधरा वर्षं सतरंज्या उचललेला माणूस अपक्ष म्हणून नारळ नाही तर कपबशी घेऊन फिरतो. मी रत्नागिरीत वकिली करतो, तो अडीच ते तीनचा अर्धा तास दर निवडणुकीला बघतो. माणसं जिना चढताना चपला सोडून पळतात.

म्हणून माझ्या मते विचारायचं ते हे: तिकिटाची नावं वर पाठवण्याआधी वॉर्डातल्या सदस्यांना दाखवणार का?

पाटीवाली

वकीलसाहेब, यादी माहितीच्या अधिकारात मागता येते काय? दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करायला मी तयार आहे.

दिवाणी बाब

कराल तर ते दहा रुपये वाया. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ ला सहा राष्ट्रीय पक्षांना सांगितलं होतं, की तुम्ही सार्वजनिक प्राधिकरण आहात, माहिती द्या. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे सहाही पक्ष या बाबतीत एक झाले. कोणी दिली नाही.

निवडणूक आयोगाकडे जावं, तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं २९-अ कलम पक्षाच्या नोंदणीचं आहे, आणि आयोग पक्षाकडून अंतर्गत निवडणुकांची माहितीही मागवतो. पण पक्षाने नोंदणीच्या वेळी दिलेला शब्द पाळला नाही म्हणून नोंदणी रद्द करायचा अधिकार आयोगाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगून टाकलं. राहिला एकच मार्ग, तो म्हणजे तुमची चिठ्ठी.

रडगाणं वगैरे म्हणताय, तर एक सांगतो. २०२२ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. त्याआधी शशी थरूर, मनीष तिवारी यांच्यासह पाच खासदारांनी पक्षाच्या निवडणूक प्राधिकरणाला पत्र लिहिलं होतं. मागणी काय, तर मतदार प्रतिनिधींची यादी बघायला मिळावी. खासदारांना यादीसाठी पत्र लिहावं लागलं. तुम्ही तर पाटी लावता.

दिवा पॅसेंजर

त्या निवडणुकीत खर्गेंना ७,८९७, थरूरांना १,०७२ आणि ४१६ मतं बाद. मतदान झालं ते प्रतिनिधींचं, साध्या पावतीवाल्याला तिथेही मत नव्हतं. काकू, आधी ते बघा. तुमच्या पक्षाच्या घटनेत साध्या सदस्याला मत आहे का? नाही तर यादीत नाव सापडायचं आणि मत मात्र नाही असं व्हायचं.

माझा प्रश्न विचाराल तर, मी दिव्याला राहतो, मत गावी आहे. त्या चौघांतले निदान दोघे ठाण्याचे रहिवासी असणार, पैज लावतो. विचारा, गणपती, शिमगा आणि मे महिना सोडून वर्षातल्या किती रात्री जिल्ह्यात झोपता? मी स्वतः अकरा. पण मी अध्यक्षपद मागत नाही.

जुना राजापूर

नाथ पै होते तेव्हा असल्या चिठ्ठ्यांची गरज नव्हती. ५७, ६२, ६७, तीन वेळा राजापूरमधून लोकसभेवर निवडून आले. नंतर दंडवते ७१ पासून ८९ पर्यंत पाच वेळा. माणूस समोर उभा असायचा, विचारा काय ते. आता मतदारसंघाच्या नावातून राजापूरही गेलं.

पाटीवाली

आजोबा, नाथ पैंना मी पाहिलं नाही, माझा जन्म नंतरचा. माझ्या वाट्याला हे चौघे आलेत.

दिवा पॅसेंजर, घटना बघितली. पुतण्याने मोबाइलवर काढून दिली. आमच्याकडे जिल्हाध्यक्षासाठी क्रियाशील सदस्याला मत आहे. क्रियाशील कोण, तर दोन वर्षं सलग सदस्य आणि पक्षाच्या कार्यक्रमांत भाग. सासूबाई गेली सहा वर्षं कुठल्या कार्यक्रमांत भाग घेतायत ते मला कळलं तर मीही जाईन भेटायला.

हर्णैकर

हसून हसून पुरेवाट. ताई, माझा मामेभाऊ इंग्लंडला असतो, तिथल्या हुजूर पक्षाचा वर्गणी भरणारा सदस्य. २०२२ मध्ये त्यांच्या शेवटच्या दोघांतून नेता सदस्यांनी निवडला. ट्रस बाईंना ८१,३२६ मतं, सुनक यांना ६०,३९९. गावोगाव हॉलमध्ये सभा, लोक उभे राहून प्रश्न विचारतायत, सगळं रीतसर. सुनक सांगत होते, कर्ज काढून कर कमी करू नका. ट्रस म्हणत होत्या, करते. टाळ्या कोणाला पडल्या असतील? बाई पंतप्रधान झाल्या आणि एकोणपन्नास दिवसांत घरी गेल्या. मामेभाऊ अजून म्हणतो, मी सुनकना दिलं होतं. तसे आता सगळेच म्हणतात.

मला यावरून एवढंच वाटतं, की "काय करणार" असं विचारलं तर ज्याची जीभ गोड तो जिंकतो. आमच्याकडे हर्णैच्या लिलावात जसं मासा उलटा करून गालफड बघतात, लाल आहे की काळं पडलंय, तसं काहीतरी विचारा. हो-नाही तिथल्या तिथे दिसलं पाहिजे.

रापणकार

हर्णैकर बरोबर. आणि वकिलांचंही मान्य, पाय आपटत मान्य. मग यादीच विचार. पण "यादी कधी देणार" असं नको. लवकरच म्हणतील. तारीख माग, जागा माग.

दिवा पॅसेंजर

आणि चिठ्ठीच्या वर "मत्स्यव्यवसायाबाबत" असं ठळक लिहा. चाळणारा पोरगा शीर्षक बघतो, खालचं वाचत नाही. मी दहा वर्षं मंत्रालयात टपाल फिरवलंय.

पाटीवाली

लिहिली. बघा कशी वाटते:

"मत्स्यव्यवसायाबाबत. आमच्या बंदरावरच्या लिलावाच्या शेडमध्ये, आमच्या वॉर्डातल्या मत देणाऱ्या सदस्यांची पूर्ण यादी, मेलेली नावं काढून, कोणत्या तारखेला लावाल?"

पुतण्या म्हणतो, "मृत" लिही. मी मेलेलीच ठेवलंय.

चौथी सीट

डबा विसरू नका.

पाटीवाली (रविवार, रात्री)

आत्ता आले. डबा नाही, चौथी सीट, भाजीपाव होता. चार तास चाललं, त्यातले अडीच सत्कारात गेले. चौघांनाही शाल, चौघांनाही नारळ, मग शाल घालणाऱ्यांना शाल.

चिठ्ठ्या बऱ्याच होत्या, वाचल्या नऊ. माझी सातवी. निवेदन करणारी कॉलेजची मुलगी होती, तिने "मत्स्यव्यवसायाबाबत" मोठ्याने वाचलं, सगळे सरसावून बसले, आणि मग ती "मेलेली नावं काढून" पाशी अडखळली. मागे दोन बायका हसल्या. मला घाम फुटला, पंखा थेट डोक्यावर होता तरी.

पहिल्या साहेबांनी पारदर्शकतेवर सात मिनिटं घेतली. मी घड्याळ लावलं होतं. तारीख नाही. दुसरे म्हणाले, यादी प्रदेशाकडून येते, आमच्या हातात काही नाही. तिसऱ्यांनी उत्तराआधी विचारलं, ही चिठ्ठी कोणाची? मी उभी राहिले. पाय लटपटत होते, पण लिलावात दलालाशी हुज्जत घालताना जसा आवाज निघतो तसा आपोआप निघाला: "माझी. नाव यादीत नाय, तर तुमका सापडाचा नाय." हॉल हसला. तेही हसले आणि त्या हसण्यात उत्तर राहून गेलं. वकीलसाहेब, हुशार माणूस आहे तो, तिकीट त्यालाच मिळणार बघा.

चौथे म्हणजे ते देवगडकडचे, कलमांचे बागायतदार, फारसे बोलत नाहीत. म्हणाले, "खरं सांगतो, मला ही यादी चार दिवसांपूर्वी मिळाली. निवडणूक लढवणारा मी, आणि मला चार दिवसांपूर्वी. त्यात माझ्या भावाचं नाव दोनदा आहे आणि बायकोचं एकदाही नाही." मग खिशातून घडी केलेले कागद काढले आणि म्हणाले, शुक्रवारी सकाळी मी स्वतः घेऊन येतो, खाडाखोड तुम्ही लोकांनीच करा.

तो वाडीतला कार्यकर्ता गाडीत माझ्या शेजारी बसला नाही. एरवी बसतो आणि बांगड्याचा भाव विचारतो.

नवरा म्हणाला, काय झालं? म्हटलं, शुक्रवार मिळाला. लिलाव साडेसहाला सुरू होतो. सासूबाईंचा मृत्यूचा दाखला काढून ठेवलाय, आणि ड्रॉइंग पिनांची डबी.

रापणकार

शेडचे खांब सिमेंटचे आसत गो. पिना लागाच्यो नाय. खळ करून घेऊन ये.