‘विमान ग्राउंड करणे’: मराठीत काय म्हणावं?

उल्थाकार:
पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी विमानांच्या देखभालीचं एक पुस्तक आम्ही तिघं मराठीत आणतोय. परवा सहकाऱ्याचं प्रकरण तपासताना हे वाक्य समोर आलं: ‘लढाऊ विमानास उड्डाणबंदी केल्याशिवाय त्यात इंधन भरू नये.’ दोनदा वाचलं. मुळात शब्द ‘ग्राउंड’ आहे आणि त्याने बातम्यांतला अर्थ धरला, २०१९ मध्ये बोइंग ७३७ मॅक्स जगभर ग्राउंड झाली तेव्हाचा. इथे म्हणायचंय ते अगदी वेगळं: उभ्या विमानाला तार जोडून तिचं दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या धातूला जोडा.

दुरुस्त करायला बसले आणि मीच अडकले. ‘विमानाचा अर्थ करा’ (‘अर्थ’ म्हणजे इंग्रजीतला earth, जमीन) लिहिलं तर मुलं शब्दाचा अर्थ शोधतील. ‘भूसंपर्क तार’ शाळेच्या विज्ञानात होती, पण ‘विमानाचा भूसंपर्क करा’ म्हटलं की विमान जमिनीला टेकवा असं वाटतं. चाकं तर टेकलेलीच आहेत! त्याच प्रकरणात पुढे बाँडिंगही (दोन धातूच्या वस्तू एकमेकींना तारेने जोडणं) येतं, त्याला वेगळा शब्द हवा. काय लिहू?

तारतंत्री:
ताई, तीस वर्षं झाली वायरिंग करून राहिलो. ‘अर्थ करा’ कोणीच म्हणत नाही. अर्थिंग ‘देतात’. मोटरले अर्थिंग दे, कूलरले अर्थिंग दे. क्रियापद बदला, घोळ मिटते. आपल्या नागपुरात उन्हाळ्यात कूलरच्या पत्र्यात करंट उतरून माणसं जातात, त्या घरात बहुतेक अर्थिंगच नसते, नाही तं खड्डा कोरडा पडलेला असते. शब्द समजला तं जीव वाचते. काहून बदलता?

कोशप्रेमी:
भाऊ, तुमची कळकळ पटते. पण ‘अर्थिंग’ला इंग्रजी शेपूट आहे आणि ‘अर्थ’ हा आपला इतका मोठा शब्द त्याच्याखाली दबतो. भूयोजन का नको? योजन म्हणजे जोडणं, भूयोजन म्हणजे जमिनीशी जोडणं, भूयोजित विमान, भूयोजक तार. एकदा क्रियापदाचा धातू ठरला की सगळी रूपं सुटतात. दिनांक आणि महापौर हे सावरकरांचे शब्दही पहिल्यांदा जड वाटले असतील. आणि हे नागपूर आहे. लाहोर सोडून कोशकार डॉ. रघुवीर इथे आले, त्यांनी पारिभाषिक शब्दांचे डोंगर इथे बसून रचले. या गावाने तरी कंटाळा करू नये.

गोकुळपेठ:
डॉ. रघुवीरांबद्दल आदर आहेच. पण त्यांच्या शब्दांतले किती लोकांच्या तोंडी बसले आणि किती कोशातच राहिले, हेही नागपूरनेच पाहिलंय. जो शब्द धोक्याच्या क्षणी ओरडून सांगता येत नाही तो सुरक्षेच्या पुस्तकात घालू नये, एवढंच माझं म्हणणं. ‘अरे, भूयोजन राहिलं!’ असं कोण ओरडेल?

कोशप्रेमी:
सवयीने ओरडतील. ‘विमान’ हाही पुराणातलाच शब्द आहे. तो यंत्राला लावला आणि आज मूल सुद्धा म्हणतं.

मुठाकाठ:
मी पुण्याहून लिहितेय. फार संस्कृतही नको आणि इंग्रजीही नको तर ‘मातीजोड’ कसा वाटतो? विमानाला माती द्या, तार मातीला न्या. साधा, ओळखीचा.

तारतंत्री:
ताई, रागावू नका, पण ‘माती द्या’ इकडे नका लिहू. आमच्याकडे मातीले जाणं म्हणजे मयतीले जाणं. ‘आज मामाची माती आहे’ म्हणतात. पोट्टे जिथे विमानात पेट्रोल भरतीन तिथे हा शब्द लिहिला तं वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येईन.

मुठाकाठ:
अरे बापरे. मूठमाती माहीत होतं, पण नुसतं ‘माती’ इतकं थेट वापरता हे माहीत नव्हतं. मागे घेते.

जुना वायुसैनिक:
मी विमानांवर काम केलंय, निवृत्तीनंतर वायुसेनानगरच्या जवळच राहतो. शब्दाआधी काम काय असतं ते सांगतो, कारण ‘ग्राउंड करणे’ या एका शब्दात दोन कामं आहेत.

पहिलं स्थितिक, म्हणजे स्टॅटिक विजेचं. विमान धुळीतून, पावसातून जातं, घर्षणाने धडावर प्रभार (इलेक्ट्रिक चार्ज) साठतो. तो हवेत सोडायला पंखांच्या मागच्या कडेला बारीक दांड्या लावलेल्या असतात, तरी थोडा उरतो. जमिनीवर उभं असतानाही वाऱ्याबरोबर धूळ घासत जाते, तेव्हा साठतो. इंधन तर नळीतून, गाळणीतून वाहतानाच प्रभार धरतं. हा प्रवाह इतका कमी असतो की त्याला चांगली वाट लागत नाही, कशीबशी वाट पुरते. अमेरिकी सैन्याच्या १९८३ च्या हस्तपुस्तिकेत अशा जोडणीला १०,००० ओहमपर्यंत रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, चालतो.

दुसरं काम बाहेरून वीज देताना. विमानाला ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्‌झची वीज गाडीवरून देतात. तिथे काही बिघडून वीज धडात उतरली तर ती जमिनीत जायला रुंद रस्ता लागतो. त्याच पुस्तिकेत इथे मर्यादा १० ओहम आहे. एकाला पायवाट चालते, दुसऱ्याला राजरस्ता लागतो. आम्ही दोन्हींना अर्थच म्हणायचो, हिंदीत ‘अर्थ लगाओ’. पण नवीन पोराला वाटायचं एक तार लावली म्हणजे सगळं झालं.

आणि क्रम. आधी जमिनीकडचं टोक, मग विमानाकडचं. काढताना आधी विमानाकडचं. उलट केलंत तर विमानाचा सगळा प्रभार तारेतून तुमच्या हातात येतो. मला एकदा बसलाय. चिमटा विमानाच्या खुंटीत घातला, दुसरं टोक अजून मुठीत होतं, आणि कोपरापर्यंत हात झिणझिणला. जिवाला काही झालं नाही. पण मी शिडीवर असतो तर पडलो असतो. आणि जवळ इंधनाची वाफ असती तर ठिणगी तिथेच झाली असती.

उल्थाकार:
काका, हे सोनं आहे. क्रमाचा परिच्छेद आमच्या मूळ पुस्तकात इतका स्पष्ट नाही. म्हणजे दोन कामांना दोन शब्द हवेत का?

संत्रावाला:
काकांचं वाचून मला एकच शब्द आठवला, निचरा. आमच्या काटोलकडच्या बागेत पाणी साचलं की संत्र्याचं झाड मुळातून सडते, म्हणून चर काढून निचरा करतो. इथे प्रभार साचतो, त्याचा निचरा करायचा. ‘निचरा तार’. स्थितिकसाठी हा घ्या, पॉवरसाठी अर्थिंग ठेवा. शेतकऱ्याच्या मुलाला समजावून सांगावं लागणार नाही.

कोशप्रेमी:
मी विरोधात होतो, पण ‘निचरा’ सुंदर आहे. हळूहळू वाहून जाणं, साचू न देणं, दोन्ही आलं. मी भूयोजन पॉवरसाठी ठेवतो.

गोकुळपेठ:
अर्थिंग.

कोशप्रेमी:
भूयोजन.

संत्रावाला:
यावरून आठवलं. लहानपणी अमरावती रोडवर पेट्रोलच्या टँकरमागे साखळी लोंबकळताना दिसायची, रात्री तिच्या ठिणग्या उडायच्या. आजोबा सांगत, ही वीज जमिनीत सोडायची साखळी. ठिणग्या उडवणारी वस्तू पेट्रोलच्या गाडीला का लावत असतील, हे मला तेव्हापासून सुटलेलं नाही.

जुना वायुसैनिक:
हेतू तोच, निचरा. पण कोरडा डांबरी रस्ता वीज नेत नाही, त्यामुळे साखळीचा फारसा उपयोग नाही. टायरच्या रबरात काजळी असते, त्यातून प्रभार बऱ्यापैकी जातो. टँकर रिकामा करताना जी तार लावतात ती खरी महत्त्वाची.

गोकुळपेठ:
मग एक शंका. इंधन भरताना विमान जमिनीला जोडण्याची अट अमेरिकी अग्निसुरक्षा संघटनेने ४०७ क्रमांकाच्या मानकातून १९९० च्या आवृत्तीत काढली, असं वाचलंय. मग आपण हा शब्द कशाला शोधतोय?

जुना वायुसैनिक:
बरोबर वाचलंत, पण अर्धंच. त्यांनी जमिनीची तार काढली, विमान आणि टँकर यांच्यामधली तार ठेवली. कारण असं: टाकीतल्या इंधनाच्या पृष्ठभागावर जो प्रभार आहे तो विमान जमिनीला जोडून जात नाही, केरोसीन वीज नीट वाहून नेत नाही. वर बाहेरच्या वीजगाडीत बिघाड झाला तर तो मोठा प्रवाह या बारीक तारेतून जाईल, ती वितळेल आणि तिथेच आग लागेल. ते सगळं इंधन भरतानाचं झालं. लष्करी विमान मात्र तासन्‌तास उभं असतं, दुरुस्ती चालते, शस्त्रं चढवतात, त्यात विजेने पेटणारे स्फोटक भाग असतात. तिथे जमिनीची जोड लागते.

ताई, तुमचं बाँडिंग ते हेच. दोन धातूंच्या विजेच्या पातळीतला फरक मिटवायचा. जमीन असो वा नसो, विमान आणि टँकर एका पातळीवर आले की मधे ठिणगी नाही.

मुठाकाठ:
‘पातळी’! दोन विहिरींना आतून पाट काढला की पाणी एका पातळीला येतं. ‘समपातळी जोड’?

कोशप्रेमी:
समविभव जोडणी. शास्त्रीयदृष्ट्या अचूक तोच.

तारतंत्री:
आमी जंपर म्हणतो.

उल्थाकार:
जंपर मुलांना कळेल, पण ते स्वेटरही समजतील.

तारतंत्री:
समजू द्या ना. हिवाळ्यात नायलॉनचा स्वेटर अंधारात काढला की चटचट आवाज येते, तीच ही वीज.

एक गोष्ट विचारतो काकाले. आपली काळी माती मे महिन्यात फाटते, अर्थिंगच्या दांड्यापासून सुटते. आमी खड्ड्यात कोळसा-मीठ टाकून पाणी सोडतो, तवा कुठे रीडिंग येते. विमानाच्या जागेवर तं सारं काँक्रीट. तिथे पाणी कोण घालते?

जुना वायुसैनिक:
दांडा काँक्रीटच्या खाली मातीत असतो, वर फक्त तोंड दिसतं. म्हणून डोळ्याने काही कळत नाही, ठरावीक मुदतीने रोध मोजावाच लागतो. विमान बांधायची कडी दिसली आणि तिला चिमटा लावला, असं चालत नाही. ती कडी मोजलेली आणि खूण केलेली नसेल तर ती फक्त कडी आहे. तोंड कसं असतं सांगतो: काँक्रीटमध्ये तळहाताएवढा खोलगट भाग, मधे धातूचा गोळा किंवा खुंटी, वर झाकण. पावसाळ्यात त्यात गाळ भरतो. आधी बोटाने गाळ काढायचा, फडक्याने धातू पुसून चकचकीत करायचा, मग चिमटा. गाळावर लावलेला चिमटा दिसायला लावलेलाच दिसतो.

उल्थाकार:
त्या खोलगट भागाला तुम्ही काय म्हणायचात?

जुना वायुसैनिक:
अर्थ पॉइंट. मी घरी सांगताना वाटी म्हणतो.

उल्थाकार:
वाटी लगेच घेतली. निचरा तारही मसुद्यात टाकली, सहकाऱ्याला विचारायची आहे. तो म्हणतोय सगळीकडे ‘ग्राउंड’च ठेवू आणि तळटीप देऊ. मला ते पटत नाही, उड्डाणबंदीचा घोळ त्यानेच तर झाला. पॉवरच्या जोडणीसमोर पेन्सिलने प्रश्नचिन्ह आहे, प्रकरण शुक्रवारी द्यायचंय.

कोशप्रेमी:
भूयोजन लिहा. पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे अर्थिंग’ असं जोडा.

गोकुळपेठ:
मग दुसऱ्यांदा तरी भूयोजन कशाला?

संत्रावाला:
काका, टायरमधली काजळी म्हणजे आपल्या चुलीवरची तीच का? मग विमानाच्या टायरमधून प्रभार जात असेल तर तार कशाला लागते?