विषय: मुलं धडा वाचतात, पण आजीचं बोलणं कळत नाही

प्रेषक: मराठी शाळा, समन्वयक

नमस्कार मंडळी,
रविवारच्या शाळेतली ८ ते ११ वर्षांची मुलं धडा घडाघडा वाचतात. पण परभणीहून आजीचा फोन आला की गप्प. लिहायला बसवलं तर ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. हाताशी आठवड्याला दीड तास आहे. सुरुवात कुठून करावी? लातूरच्या गुरुजींनी सांगावं ही विनंती.

---

प्रेषक: लातूरहून

ताई, नमस्कार.
सुरुवात ऐकण्यापासून करा. आजी विचारते "काय करायलास?" आणि पुस्तकात असतं "काय करतोस?" मूल इथंच अडतं. आजीला 'शुद्ध बोला' असं चुकूनही सांगू नका. पोरांनी आजीचीच बोली ऐकली पाहिजे.

आजीकडून व्हॉट्सअ‍ॅपवर दोन मिनिटांचा आवाजी निरोप मागवा, एकाच गोष्टीवर. आपल्याकडच्या वेळ अमावस्येच्या सणाची भज्जी, म्हणजे बेसन लावलेली मिसळीची भाजी, कशी करतात, एवढंच. पहिल्यांदा नुसता ऐकवायचा. दुसऱ्यांदा ऐकवण्याआधी तीन प्रश्न द्यायचे: भाज्या कोणत्या, आधी काय शिजतं, बेसन कधी पडतं? तिसऱ्यांदा अडेल तिथं थांबवायचं. मग मुलानं कागद न बघता एक मिनिटाचा उलट निरोप धाडायचा. निरोप लांबला की मूल अर्ध्यावर ऐकणं सोडून देतं, म्हणून दोनच मिनिटं.

घरात फक्त आईच मराठी बोलत असेल तर मुलगाही "मी जाते" म्हणतो. त्याला लिंगाचे नियम सांगून फरक पडत नाही, बाबांनी आणि आजोबांनी रोज बोलावं लागतं. चूक झाली तर बाबांनी एवढंच म्हणावं, "बरं, तू जातोस? मीपण जातो."

वाचनाचं म्हणाल तर 'घडाघडा'वर माझा विश्वास नाही, पुष्कळदा धडा पाठ झालेला असतो. न पाहिलेला शंभरेक शब्दांचा उतारा द्या. दहाहून जास्त शब्दांवर अडलं तर खालच्या इयत्तेचा घ्या. बालभारतीची पुस्तकं आणि १९७१ साली सुरू झालेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर मोफत मिळतात. अगदी नवीन मुलाला मात्र क ते ज्ञ तक्ता पाठ करायला लावू नका, ग म भ न पासून लावा. वळणं जवळची असल्यानं 'मग', 'मन', 'नग', 'गमन' पहिल्याच दिवशी वाचता येतात. काना शिकवला की 'मान', 'भान', 'मामा'.

पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते पण उच्चार नंतर होतो, त्यामुळे 'दिवस' लिहिताना ती भलत्याच अक्षरावर जाते. आधी 'द' काढायला लावा, मग वेलांटी. शुद्धलेखन पाच ओळींचं, आणि महिनाभर एकच नियम. पहिला नियम: शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ, जसं पाणी, वही, लाडू. 'आणि' हा अपवाद तेव्हाच सांगून टाका. मग फूल-फुलाला, गूळ-गुळाचा.

---

प्रेषक: सदस्य, मूळ नांदेड

गुरुजी, एक भर घालतो. आपल्याकडं बरेच जण 'पाणी'ला 'पानी' म्हणतात. मूल ऐकून लिहितं तेव्हा तेच वहीत उतरतं. अशा वेळी बोलणं तसंच राहू द्यावं, वहीत मात्र 'ण' करून घ्यावा. काल-काळ, वेल-वेळ, मन-मण अशा जोड्या म्हणायच्या. मुलानं पाठ फिरवून उभं राहायचं, ळ किंवा ण ऐकू आला की हात वर. आधी कानाला फरक कळू द्या, तोवर लिहायला घालू नका. 'चाक' आणि 'चहा' यांतला 'च' वेगळा, तोही असाच कानानंच पक्का होतो, कारण अक्षर एकच आहे.

---

प्रेषक: लातूरहून

अगदी बरोबर. दीड तासात पहिली ४० मिनिटं ऐकणं-बोलणं, २५ वाचन, १५ शुद्धलेखन आणि उरलेल्या १० मिनिटांत ज्याच्या त्याच्या चुका त्यानंच दुरुस्त करायच्या. लाल शाईनं पान भरवलं की मूल लिहायचंच टाळतं, म्हणून त्या महिन्याच्या नियमाचीच चूक खुणवा.

---

प्रेषक: मराठी शाळा, समन्वयक

आभार गुरुजी. पालकांनी आजी-आजोबांचे निरोप शुक्रवारपर्यंत पाठवावेत. विषय भज्जीचा, वेळ दोन मिनिटांच्या आत. आणि कृपा करून त्यांना लिहून दिलेलं वाचायला लावू नका, बोलतात तसंच बोलू द्या.