‘ऑफ फुल एज’ला मराठीत काय म्हणावं?

लेस्टरहून प्रश्न

लेकीसाठी घरची वंशावळ मराठीत लिहितेय, म्हणजे साताऱ्याला आईलाही वाचता येईल. माझी बाजू सोपी आहे. नवरा इंग्रज, आणि त्याच्या घराण्याची एक आजी (पणजी, खापरपणजी आणि त्याच्याही पलीकडची, इथे मराठी शब्द संपतात) नॉरफोकमधल्या एका खेड्यात ऑक्टोबर 1843 मध्ये लग्न झालेली. चर्चच्या नोंदवहीत वयाच्या रकान्यात आकडा नाही, ‘ऑफ फुल एज’ लिहिलंय. मी ‘वयात आलेली’ असं लिहिलं. ‘कंडिशन’च्या रकान्यात ‘स्पिन्स्टर’ आहे, तिथे ‘परिस्थिती : प्रौढ कुमारिका’. आईने फोनवर विचारलं, “वयात आलेली पण आणि प्रौढ पण? नक्की किती वर्षांची गं?” बरोबर शब्द सुचवा.

पुणे

ताई, ‘वयात आलेली’ आधी खोडा. मराठीत मुलगी वयात येते ती तेराव्या-चौदाव्या वर्षी, तो शरीराचा मामला. ‘ऑफ फुल एज’ हा कायद्याचा शब्द आहे, त्याला आपल्याकडे ‘सज्ञान’ म्हणतात. त्याच रकान्यात दुसऱ्या कुणाचं ‘मायनर’ दिसलं तर ‘अज्ञान’.

‘कंडिशन’ म्हणजे इथे वैवाहिक स्थिती, आणि ‘स्पिन्स्टर’ म्हणजे नुसतं ‘अविवाहित’. मुळात सूत कातणारी. पुढे दस्तऐवजात लग्न न झालेल्या कुठल्याही बाईला, मग ती अठराची असो की साठची, हाच शब्द. त्यातला कुजकटपणा बोलण्यात होता, नोंदवहीत नव्हता. इंग्लंडमध्ये लग्नाच्या नोंदीत तो 2005 पर्यंत टिकला, मग ‘सिंगल’ आला.

कोल्हापूर

तलाठी म्हणून नोकरी झाली माझी, म्हणून बोलतो. ‘अज्ञान’ वाचून ताईंच्या आईसाहेब ‘अडाणी’ समजतील. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ असतं बघा, अज्ञान पालनकर्ता. हा प्रश्न मला लोकांनी शेकडो वेळा विचारलाय, “आमचं पोरगं अज्ञान कसं, चौथीत पहिलं आलंय!” म्हणून ‘अल्पवयीन’ लिहावं असं मला वाटतं.

पुणे

काका, ‘अल्पवयीन’ म्हटलं की आजचा वाचक अठराच्या आतली असंच धरतो. आपल्याकडे 1875 च्या कायद्यापासून सज्ञान म्हणजे अठरा. इंग्लंडमध्ये तेव्हा एकवीस होतं, ते अठरावर आलं 1 जानेवारी 1970 ला. शब्द कुठलाही घ्या, पुढे ‘21 पूर्ण’ हे हवंच. नाहीतर मराठी वाचक तीन वर्षांनी चुकणार.

आणि सज्ञान होण्याचं वय वेगळं, लग्नाचं वेगळं. इंग्लंडच्या कायद्याने मुलीला 12 आणि मुलाला 14 पूर्ण झाली की लग्न चालत होतं, थेट 1929 पर्यंत. त्याच वर्षी इकडे बालविवाहाविरुद्धचा शारदा कायदा मंजूर झाला. पण कायद्यात बारा म्हणून तिकडे बाराव्या वर्षी लग्नं लागत होती असं नव्हे. सतराव्या-अठराव्या शतकात साध्या घरातल्या मुलीचं पहिलं लग्न सरासरी पंचवीस-सव्वीसच्या आसपास व्हायचं, मुलांचं त्याहून थोडं पुढे. आपल्या हिशेबाने सगळ्या घोडनवऱ्या.

लेस्टर

म्हणजे ती 21 पूर्ण होती असं नक्की लिहू ना? कारण बाप्तिस्म्याच्या वहीत तिची नोंद एप्रिल 1824 ची सापडलीय. वजाबाकी केली तर 19 येतात! आणि 1841 च्या जनगणनेत वय 15.

पुणे

1841 चा आकडा बाजूला ठेवा. त्या खेपेला पंधराच्या वरच्यांचं वय साधारण पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायचे, त्यामुळे तो 15 म्हणजे 15 ते 19 मधलं काहीही. 1851 ची नोंद बघा, त्यात वय जसंच्या तसं आणि जन्मगावही.

दुसरं, बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे. तान्हेपणी व्हायचा बहुतेकांचा, पण तीन-चार भावंडांचा एकदम उरकलेलाही सापडतो. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर 1 जून असते, तेवढाच विश्वास ठेवा.

तिसरं म्हणजे नाव. आधीचं मूल गेलं की तेच नाव पुढच्या मुलीला द्यायचे. दफनाची वही उघडा. 1813 पासून छापील वह्या आल्या, त्यांत वयाचा रकाना आहे.

लेस्टर

पाहिलं. 1851 ला वय 27, गाव तेच. त्याच आईबापांची त्याच नावाची आधीची एक मुलगी 1821 ची होती, ती सात महिन्यांची असताना गेली. लग्नाच्या नोंदीत वडिलांचं नावही जुळतं. म्हणजे आमची आजी 1824 चीच, आणि खोटं बोलली?

कोल्हापूर

सही आहे का तिची?

लेस्टर

नाही काका, फुली आहे. शेजारी ‘तिची खूण’ अशा अर्थाचं इंग्रजी.

कोल्हापूर

मग तिथे ‘निशाणी फुली’ लिहा. जुन्या मराठी कागदांत कुणब्याची ‘निशाणी नांगर’ असते तशी. आणि खोटं बोलली असं लिहू नका. वाचताच येत नसेल तर रकान्यात पाद्र्याने काय भरलं ते तिला कुठून कळणार?

पुणे

काका बरोबर बोलताहेत. लग्न तीन रविवार चर्चमध्ये पुकारून झालेलं असेल तर आईबापांची लेखी संमती लागतच नव्हती. त्यांनी भर चर्चमध्ये उठून हरकत घेतली तरच अडायचं. मग पाद्री खोदून विचारत बसत नसे. परवाना काढून लग्न असेल तर गोष्ट वेगळी, तिथे एकविसाच्या आतल्यांना संमती लागायची.

परवान्याचं प्रसिद्ध उदाहरण शेक्सपिअरचंच. नोव्हेंबर 1582, नवरा अठराचा, म्हणजे अज्ञान. दोघा शेतकऱ्यांनी 40 पौंडांचा जामीनकतबा लिहून दिला. तो कागद आहे, लग्नाची नोंद मात्र मिळत नाही. बायकोचं वय तर फक्त थडग्यावरून कळतं. 6 ऑगस्ट 1623 ला वारली, वय 67. तिचा बाप्तिस्मा कुठे शोधणार? शेक्सपिअरच्या गावची, स्ट्रॅटफर्डची, वहीच 1558 पासून सुरू होते.

थडगी वाचताना आणखी एक. ‘वयाच्या पंचविसाव्या वर्षी’ अशा अर्थाचं इंग्रजी किंवा लॅटिन असेल तर चोवीस पुरी, पंचविसावं लागलेलं. ‘पंचवीस लिहिलंय’ म्हणून उतरवाल तर एक वर्ष जास्त पडेल. हा फरक मराठीत ‘लागलं’ आणि ‘सरलं’ या दोन शब्दांत मिटतो, तेव्हा तेच वापरा.

लेस्टर

पुकारूनच झालंय, तसं लिहिलेलं आहे. असं लिहिलं : “लग्न ऑक्टोबर 1843. वहीत सज्ञान, म्हणजे 21 पूर्ण. बाप्तिस्मा आणि 1851 ची जनगणना धरता एकोणीस सरलेली असावीत. अविवाहित. निशाणी फुली.” आईला वाचून दाखवलं. म्हणाली, माझ्या लग्नपत्रिकेच्या वेळी पण तुझ्या आजीने वय दोन वर्षांनी वाढवून सांगितलं होतं.