कॉड माशाचं जठर गच्च, यकृत मात्र रोडावलेलं. याचा अर्थ काय लावायचा?

खारेवारे:
बॅरेंट्स समुद्र, उत्तर नॉर्वेतल्या फिनमार्कचा किनारा, मार्चमध्ये ट्रॉलने (बोटीमागे ओढायच्या जाळ्याने) धरलेले ४५ ते ७० सें.मी.चे कॉड. बहुतेकांच्या जठरात कॅपेलिन हे छोटे मासे ठासून भरलेले. माशाची तब्येत मोजणारा फुल्टनचा निर्देशांक (१०० × ग्रॅममधलं वजन ÷ सें.मी.मधल्या लांबीचा घन) १ च्या आसपास येतो, पण यकृतं बारीक आहेत. शिवाय काही जठरं पार रिकामी. ती उपाशी माशांची धरायची की ओकलेल्यांची?

गाभोळी:
निर्देशांक अख्ख्या माशाच्या वजनावर काढलाय ना? तिथेच गोम आहे. समजा मासा ६० सें.मी., वजन २१५० ग्रॅम. त्यात कॅपेलिन १५०, यकृत ५०, आतडी-गाभोळी वगैरे ११०. साफ केलेला मासा उरला १८४०. निर्देशांक १.०० वरून ०.८५ वर येतो. म्हणजे तुम्ही माशाची तब्येत नाही, त्याचं जेवण मोजत होतात!

कॉड चरबी साठवतो यकृतात. मांसात ती एक टक्काही नसते. म्हणून यकृत वेगळं तोला आणि साफ वजनाशी टक्केवारी काढा. इथे ती २.७ येते, म्हणजे मासा रोडच. यात विसंगती काही नाही. अंडी घालायला किनाऱ्याकडे निघालेल्या कॅपेलिनमागे कॉड येतो आणि तुटून पडतो; पण जठर सांगतं गेल्या काही दिवसांचं, यकृत सांगतं गेल्या काही महिन्यांचं. नर-मादी आणि पक्वता नोंदवल्याशिवाय तुलना करू नका. अंडी घालून आलेल्या माशाचं यकृत उतरलेलंच असतं.

ट्रॉलवाला:
रिकाम्या जठरांचं: पित्ताशय बघा. मोठं, गर्द हिरवं असेल आणि जठराची भिंत जाड, वळ्यावळ्यांची असेल तर मासा खरंच उपाशी, जठरातल्या अन्नाचं वजन शून्य लिहा. पित्ताशय आक्रसलेलं, फिकं आणि जठर सैल, पातळ भिंतीचं असेल तर जाळं वर येताना वाताशय (पोटातली हवेची पिशवी) फुगून तो ओकलाय. त्याला शून्य दिलंत तर सरासरी खोटी पडते. त्याच लांबीगटातल्या, जठरात अन्न असलेल्या माशांची सरासरी द्या. घशात अगदी ताजे, न पचलेले कॅपेलिन अडकलेले दिसले तर ते जाळ्यात गिळलेले असू शकतात, ते वगळा.

थंडपाणी:
एक भर. २-३ अंश पाण्यात पचन संथ, त्यामुळे जठर भरलेलं म्हणजे रोजचा आहार जास्त असं नाही. तळाचं तापमान नोंदवाच. कोळंबीचं कवच मऊ कॅपेलिनपेक्षा जास्त टिकतं, म्हणून तिचा वाटा फुगून दिसतो.

भक्ष्य कोणतं, हेही महत्त्वाचं. १९८० च्या दशकाच्या मध्यावर कॅपेलिनचा साठा कोसळला तेव्हा कॉड क्रिल आणि थेमिस्टोसारखे ॲम्फिपॉड या कोळंबीसारख्या बारीक कवचधारी जिवांकडे वळला, स्वतःचीच पिल्लंही खाऊ लागला. तरीही वाढ खुंटली.

आणि गोठवलेल्या माशांचे आकडे ताज्यांत मिसळू नका. गोठवून वितळवल्यावर पाणी गळतं, लांबीही थोडी आखडते, आणि लांबीचा घन होत असल्याने चूक तिप्पट होते.